काडतुसांची चावी

बँकेतले लोक त्यांना तोफखाना म्हणत, आणि हे नाव ज्यानं ठेवलं त्याच्या खोडसाळपणाला दाद द्यायला हवी. कारण त्यांच्याइतका हळू बोलणारा पहारेकरी शोधूनही सापडला नसता. आत येणाऱ्याला "पिशवी जरा उघडून दाखवता का?" असं ते इतक्या संकोचानं विचारत, की लोक पिशवी तर दाखवतच, वर आपलंच काही चुकलं का म्हणून विचारत. खांद्याला वडिलांची दुनळी बंदूक, कमरेला काडतुसांचा पट्टा, आणि आवाज मात्र आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा.

पण ही हकीकत त्यांच्यापेक्षा त्यांच्या बायकोची जास्त आहे. तिला अख्खी इमारत वहिनी म्हणते. वयानं मोठे म्हणतात, लहान म्हणतात, घरमालकसुद्धा म्हणतो. वहिनी शिवणकाम करतात. पडदे, शाळेचे गणवेश, पँटींच्या मोहऱ्या, तुटलेल्या चेन. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून मशीन, मशीनशेजारी कापडांचा ढीग, गळ्यात टेप आणि तोंडाचा पट्टा चालू. गिऱ्हाइकाच्या पोटाचा घेर वाढला की त्या तोंडावर सांगत, "टेप तीच आहे बरं का, तुम्हीच बदललात." लोक हसत आणि पुन्हा त्यांच्याकडेच येत.

बंदूक घरात आली ती नोकरीपायी. तोफखाना आधी काचेच्या कारखान्यात होते. तो बंद पडला, आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसाला कुणी दारात उभं करेना. मग कुणीतरी सांगितलं, की बँकेला पहारेकरी हवा आहे, पण स्वतःची बंदूक आणि स्वतःचं लायसन असलेला. वडील बागायतीची राखण करायचे, त्यांची दुनळी होती. ती रीतसर यांच्या नावावर झाली आणि नोकरी लागली. वहिनी म्हणत, "नोकरी बंदुकीला लागली आहे, हे नुसते तिला उचलून नेतात." कधी तिला सवत म्हणत. सवतीला रोज तेल-पाणी, रोज पुसणं, वर नवं अस्तर लावलेली जाड कापडाची खोळ. आणि ती खोळही शिवायची कुणी, तर वहिनींनी.

बंदूक आणली त्याच दिवशी तोफखान्यांनी बायकोला समोर बसवलं होतं. बंदूक मोडून दोन्ही नळ्यांतून पलीकडचा उजेड दाखवला आणि म्हणाले, "हे बघ. बंदूक माझ्या कपाटात, त्याची चावी माझ्याकडे. काडतुसं तुझ्या डब्यात, त्याची चावी तुझ्याकडे. सकाळी तू मला मोजून द्यायची, संध्याकाळी मी तुला मोजून परत द्यायची. तुझी चावी मला माहीत असता कामा नये."

"अहो, एवढं कशाला? तुम्ही काय मला गोळी घालणार आहात?"

"आत्ता नाही," ते म्हणाले. ते हसत नव्हते. "पण माणसाचं काय सांगावं? बंदूक एका डोक्याच्या भरवशावर ठेवू नये. माझं फिरलं तर तुझं ठिकाणावर असेल. मी कधी बरा दिसलो नाही तर देऊ नकोस. ओरडलो तरी देऊ नकोस."

"आणि माझंच फिरलं तर?"

"तर मी रिकामी बंदूक घेऊन पळून जाईन," ते म्हणाले, आणि मग दोघंही हसली.

असा नाकासमोर चालणारा माणूस. घरात बंदूक पुसतानासुद्धा तिचं तोंड भिंतीकडे. एकदा धाकट्या दिरानं गंमत म्हणून ती उचलली आणि लेकीकडे रोखून "हात वर" म्हटलं. बंदूक रिकामी होती, काडतुसं वहिनींच्या डब्यात होती, पोरगी खिदळत होती. तोफखान्यांनी भावाच्या हातातून ती काढून घेतली आणि पुढं कित्येक महिने त्याच्याशी शब्द बोलले नाहीत. घरातल्यांना तेव्हा ते अतीच वाटलं होतं.

तर अशी वर्षं गेली. लेक मोठी झाली, कॉलेजात जाऊ लागली. सकाळची देवघेव इतकी अंगवळणी पडली, की वहिनी एका हातानं चहा गाळत आणि दुसऱ्या हातानं पट्ट्याच्या खणांत काडतुसं सरकवत.

सुरुवात कुठून झाली हे आता कुणालाच नीट सांगता येत नाही. वहिनींना आठवतं ते टोकनचं मशीन. एका संध्याकाळी पट्टा परत देताना ते म्हणाले, "बँकेतलं ते नंबर सांगणारं मशीन आहे ना, ते माझा नंबर आला की गप्प बसतं."

"तुमचा नंबर? तुम्ही कशाला टोकन घेता?"

त्यावर त्यांनी वहिनींकडे पाहिलं. रागानं नाही. समोरच्याला कितपत ठाऊक आहे याचा अंदाज घेत माणूस बघतो, तसं. लग्नाला इतकी वर्षं होऊन नवऱ्यानं आपल्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

मग ते डोळ्यांदेखत गाळलेला चहाच पिऊ लागले. आतून भरून आणलेला कप तसाच राही. मग समोरच्या इमारतीत दिवे लावण्याची काहीतरी खूण आहे, असं त्यांना वाटू लागलं आणि त्यांनी खिडक्यांच्या काचांना जाड कागद लावले. वहिनींचं मशीन अंधारात गेलं. दिवसाढवळ्या बल्ब लावून त्या टाके घालू लागल्या. गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणत, "उन्हानं कापडाचा रंग उडतो हो." गप्पा मारायला कुणी बसू लागलं की हातातलं काम घाईचं आहे म्हणत. ज्या घरात दाराला कडी नसे, तिथं आता आधी डोळा लावून बाहेर पाहिलं जाई.

लेक एके दिवशी स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, बाबा आजारी आहेत."

"झोप होत नाही त्यांची. होईल बरं."

"झोप होत नाही म्हणून नाही गं. मनाचं आजारपण आहे. ताप येतो तसं हेही येतं, आणि औषधांनी उतरतंही. मी कॉलेजातल्या डॉक्टरांशी बोलले. त्या म्हणाल्या, लवकर आणा. आणि बंदुकीचं ऐकल्यावर तर म्हणाल्या, आजच आणा."

"बंदुकीचं बाहेर सांगितलंस?" वहिनींचा आवाज चढला. "कळतंय का तुला काही? कुणाच्या कानावर गेलं तर लायसन जाईल. लायसन गेलं की नोकरी गेली. आणि मग कोण उभं करणार आहे त्यांना दारात?"

"जाऊ दे ना नोकरी."

"गप्प बस," वहिनी म्हणाल्या. पोरगी गप्प बसली खरी, पण डॉक्टरबाईंचा पत्ता लिहिलेला कागद मशीनवर कात्रीखाली ठेवून गेली.

वहिनींनी धाकट्या दिराला बोलावून घेतलं. घरातला पुरुष माणूस, काहीतरी मार्ग काढेल असं त्यांना वाटलं. दिरानं सगळं ऐकलं, मान हलवली, दोनदा चहा घेतला आणि म्हणाला, "वहिनी, दादाचं डोकं जरा तापलंय, बाकी काही नाही. त्यात तुम्ही वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलंत तर गावभर बोभाटा होईल. उद्या पोरीचं काही ठरवायचं म्हटलं तर लोक हेच उकरून काढतील. थोडी कळ काढा." जाताना जिन्यात थांबून तो इतकं मात्र म्हणाला, "काडतुसं तुमच्याकडेच असतात ना? मग झालं तर."

काडतुसं वहिनींकडेच होती, आणि तेच तर खरं दुखणं होतं. रोज सकाळी पट्टा हातात घेतला की त्यांना नवऱ्याचे ते जुने शब्द आठवत. मी बरा दिसलो नाही तर देऊ नकोस. आणि ते बरे दिसत नव्हते. गालफडं बसली होती, दाढीचे खुंट राहू लागले होते, ओठ स्वतःशीच हलत. ते ओरडले असते, अंगावर धावून आले असते, तर वहिनींनी चावी खिडकीबाहेर भिरकावून दिली असती. पण ते दारात उभे राहून नेहमीसारखं हळूच म्हणत, "दे ना गं. उशीर होतोय." ओरडलो तर काय करायचं ते त्यांनी सांगून ठेवलं होतं. गोड बोललो तर काय करायचं, ते सांगायचं राहून गेलं होतं. आणि वहिनी खण भरत होत्या, आणि दिवसभर रस्त्यावर कुठं काही फुटलं, टायर फुटला, फळी पडली, की मशीन थांबवून फोनकडे बघत होत्या.

शेवटी त्यांनी जे केलं, ते करणाऱ्या बाईला मूर्ख म्हणणं सोपं आहे. मला तसं म्हणवत नाही, पण राग येतो.

ज्या दुकानातून इतकी वर्षं काडतुसं येत, तिथं त्या एका दुपारी गेल्या. बंदूक भरायला शिकवताना वापरतात तसली नकली काडतुसं तिथं मिळतात, हे त्यांनी नवऱ्याच्याच तोंडून कधीतरी ऐकलं होतं. रंग तोच, आकार तोच, तळाला पितळही तसंच. आत दारू नाही की छर्रे नाहीत. दुकानदार जुना, ओळखीचा. त्यानं सहज विचारलं, "कुणाला शिकवायचंय?"

"यांनाच. नवे गार्ड आलेत म्हणे, त्यांना शिकवायचंय," वहिनी म्हणाल्या. टाका घालावा इतक्या सफाईनं त्या खोटं बोलून गेल्या.

"तोफखान्याला म्हणावं, चहाला या कधीतरी."

दुसऱ्या दिवशी पट्ट्यात नकली काडतुसं गेली. खरी वहिनींनी जुन्या पडद्यांच्या गाठोड्यात तळाशी पुरून ठेवली. तोफखाना पट्टा बांधून जिना उतरले आणि वहिनींचा जीव भांड्यात पडला. किती दिवसांनी त्या जेवल्या तेव्हा अन्नाची चव लागली. आता कुणाला काही होणार नाही. नोकरी राहील, लायसन राहील, गावभर बोभाटा होणार नाही, आणि हळूहळू ह्यांचं डोकंही थंड होईल. नवऱ्याला चोरून त्यांनी बंदुकीचे दात काढले होते आणि आजार तसाच घरात ठेवला होता. कात्रीखालचा कागद लेकीनं पुन्हा वर काढून ठेवला. वहिनी म्हणाल्या, "नेऊ गं, ह्या गणवेशांचं काम उरकू दे." गणवेश उरकले. मग पडदे आले.

आणि एका संध्याकाळी पट्टा परत देताना तोफखान्यांनी एक काडतूस तळहातावर घेतलं. ते नुसतंच वर-खाली करत राहिले, बाजारात फळ हातावर तोलतात तसं.

"ही बदलली आहेत कुणीतरी," ते म्हणाले.

वहिनींच्या हातातली सुई थांबली. "काहीतरीच तुमचं."

"नाही गं. हाताला कळतं. माझी नाहीत ही." त्यांनी वर पाहिलं. त्या नजरेत त्या क्षणी संशय नव्हता. भीती होती, आणि आशाही होती. "तू बदललीस का?"

हा तो क्षण. हो म्हणाल्या असत्या तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पण हो म्हटलं की पुढचा शब्द आला असता, 'मग खरी दे', आणि मग त्यांच्या तोंडावर नाही म्हणावं लागलं असतं. जे म्हणायला लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला, तेच.

"मी कशाला बदलू?" वहिनी म्हणाल्या. "मी टाके घालते, मला त्यातलं काय कळतंय?"

त्यांचा विश्वास बसला. साऱ्या जगावरून उठलेला त्यांचा विश्वास बायकोवर अजून तेवढा उरला होता. "तू नाहीस ना? मग ठीक आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "मग तिकडचं कुणीतरी आहे. जेवताना मी पट्टा खुंटीला लावतो. तेव्हाच."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. बाहेरून पाहिलं तर काहीच घडत नव्हतं. ते वेळेवर जात, वेळेवर येत, पट्टा मोजून परत देत. पण रात्रीच्या जेवणाला बसलं की एकेकाचं नाव काढत. कॅशियर नसेल, तो काउंटर सोडत नाही. मॅनेजर नसेल, त्याला बंदुकीची भीती वाटते. मग एक दिवस म्हणाले, "खुंटीपाशी एकच माणूस जातो."

बँकेत एक शिपाई होता. निवृत्तीला आलेला, गुडघ्यांनी हैराण, सगळ्यांना चहा देणारा. तोफखान्यांचा चहा गार होऊ नये म्हणून तो कपावर बशी पालथी घालून ठेवायचा. ती बशीच आता त्यांना खुपू लागली. "झाकून का ठेवतो? काय लपवतो?"

"अहो, चांगला माणूस आहे तो," वहिनी म्हणाल्या.

"चांगल्याच माणसाला लावतात अशा कामाला," ते म्हणाले, आणि लेकीनं हातातला घास ताटात परत ठेवला. आईकडे बघून ती म्हणाली, "उद्या मी कॉलेजला जात नाही. उद्या आपण बाबांना घेऊन जायचं." वहिनी म्हणाल्या, परवा. उद्या एका गिऱ्हाइकाला पडदे द्यायचे आहेत.

उद्याच झालं ते.

वहिनी पडद्याच्या खालच्या पट्टीला टिपा मारत होत्या. फोन वाजला. बँकेतली एक मुलगी रडत बोलत होती. तोफखान्यांनी शिपायावर बंदूक रोखली, एवढंच आधी कळलं, आणि वहिनींच्या ओठांपर्यंत आलं होतं, 'घाबरू नका, ती रिकामी आहे.' ते वाक्य त्यांनी गिळलं. त्या गिळत असताना पलीकडून पुढचं ऐकू आलं.

नेमकी त्याच वेळी पैशांची गाडी आली होती. गाडीबरोबरचा तरुण गार्ड पेटीच्या मागोमाग दारातून आत शिरला, तेव्हा समोर हे दृश्य. तोफखाना भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्या शिपायाच्या छातीवर बंदूक धरून उभे, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच लोकांनी त्यांचा चढलेला आवाज ऐकला. "खरं सांग, माझी काडतुसं कुठं ठेवलीस? खरी कुठं आहेत?" शिपाई हात जोडून म्हणत होता, "दादा, कसली काडतुसं? दादा, आईशप्पथ मला ठाऊक नाही." गाडीवाल्या गार्डनं एकदा ओरडून सांगितलं, बंदूक खाली टाक. तोफखाना वळले, आणि त्यांच्याबरोबर बंदूकही वळली. त्या पोराला काय ठाऊक असणार? त्यानं गोळी झाडली. त्याचीही छऱ्यांचीच बंदूक होती. बरेचसे छर्रे तोफखान्यांच्या मांडीत आणि खुब्यात गेले. एक शिपायाच्या डोळ्यात गेला. तो डोळा गेला तो गेलाच.

त्या बंदुकीत काही नाही, हे अख्ख्या शहरात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक ती धरून उभा होता, आणि दुसरं माणूस घरी पडदे शिवत होतं.

पोलिसांनी बंदूक उघडली तेव्हा नकली काडतुसं निघाली. साहेब घरी आले, वहिनींना विचारलं. वहिनींच्या तोंडून तेच निघालं, जे दुकानात निघालं होतं. "नव्या गार्डांना शिकवायला त्यांनी आणवली होती." दुकानदारानंही तेच सांगितलं. ओळ ओळीला जुळली. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसानं स्वतःच नकली काडतुसं भरली, स्वतःच विसरला आणि दुसऱ्यावर आळ घेतला. बँकेला पटलं, पोलिसांना पटलं, दिराला तर फारच पटलं. लेक मात्र आईकडे बघत राहिली. विचारलं नाही तिनं काही. वहिनींना ते न विचारणं सोसवेना.

खुब्याचं हाड जोडायला वेळ लागला. तेवढ्यात हॉस्पिटलमधल्याच मनाच्या डॉक्टरबाईंनी औषधं सुरू केली, आणि लेक म्हणत होती ते खरं ठरलं. ताप उतरावा तसं हळूहळू उतरत गेलं. ते झोपू लागले. आतून भरून आणलेला चहा पिऊ लागले. समोरच्या इमारतीतले दिवे नुसते दिवे झाले. एका दुपारी वहिनी पलंगाशेजारी सफरचंद कापत बसल्या होत्या, तर ते म्हणाले, "फोडी जरा बारीक कर, मी काही तोफ नाही." वहिनींना रडू आलं. परत आला होता त्यांचा माणूस.

आणि मग तो म्हणाला, "मला घरी नेऊ नका."

"अहो, असं काय बोलता?"

"डॉक्टरबाई म्हणतात, ती काडतुसं मीच बदलली आणि विसरलो." पाय वर टांगलेला, नजर छताकडे. "मला ते टोकनचं मशीन आठवतं. चहाचं आठवतं. खिडक्यांना कागद लावलेले आठवतात. आता लाज वाटते त्याची, पण आठवतं सगळं. हे एवढंच आठवत नाही. किती ताण दिला डोक्याला, नाही आठवत. मग माझ्या हातून झालेलं आणि मला न आठवणारं आणखी काय काय असेल? पोरगी घरात आहे, तू आहेस. उद्या मी काय करेन आणि विसरेन? माझा मला भरवसा नाही गं. मला इथंच कुठंतरी ठेवा."

वहिनींनी सुरी ताटलीत ठेवली. सांगितलं तर पोलिसांचं काय, लेकीचं काय, आणि आत्ताशी कुठं सावरलेल्या या माणसाचं काय? सगळ्यांनी मिळून त्याला पटवून दिलं होतं, की तुझ्यामागे कुणी काही केलेलं नाही, हा सगळा तुझ्या मनाचा खेळ होता. आणि केलेलं तर होतंच. आणि न सांगावं, तर जन्मभर तो आपल्याच हातांना भिऊन राहणार.

"तुम्ही नाही बदललीत," त्या म्हणाल्या. "मी बदलली."

त्यांनी छतावरची नजर खाली आणली. शेजारच्या पलंगावरचा माणूस खोकत होता.

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"तू नाही म्हणालीस."

"हो." वहिनी पुढं म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही कुणाला काही करून बसाल. भरलेली तुमच्या हातात द्यायची भीती वाटत होती."

"भरलेली असती तर मी ती कुणावर रोखली असती?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. तो नेहमीचाच होता, म्हणून तर ऐकवेना. "नकली आहेत हे हाताला कळलं होतं, म्हणून रोखली. नुसतं घाबरवून विचारायचं होतं त्याला. डोकं जागेवर नव्हतं माझं, पण एवढं तेव्हाही कळत होतं." थोडं थांबून ते म्हणाले, "द्यायचीच नव्हतीस तू. खरी नाही, खोटी नाही. नाही म्हणायचं होतंस. मी भांडलो असतो, रडलो असतो, नोकरी गेली असती. एवढंच ना?"

वहिनींना रडायचं होतं, पण त्यांनी रडू येऊ दिलं नाही. रडण्याचा हक्क आपला नाही, असं त्यांना वाटलं.

"तो कुठं आहे?"

"खालच्या मजल्यावर. डोळ्यांच्या वॉर्डात."

"आधी त्याला सांग," तोफखाना म्हणाले. "मग डॉक्टरबाईंना, मग पोलिसांना. पण आधी त्याला. जा."

वहिनी जिना उतरून खाली गेल्या. शिपाई खिडकीजवळच्या पलंगावर बसला होता, अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. उरलेल्या डोळ्यानं त्यानं ओळखलं आणि अंगावरची चादर नीट करत सरकून जागा केली.

"या वहिनी, या. बसा. दादांचा पाय कसा आहे? मीच वर येणार होतो, पण हे गुडघे." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "एक विचारू का? रागावू नका. इथं पडल्या पडल्या रोज तेच डोक्यात येतं. त्यांना माझाच संशय का आला असेल? एवढ्या वर्षांत माझंच काही वागणं चुकलं असेल का हो?"

वहिनी बसल्या नाहीत. उभ्यानंच त्यांनी सांगायला सुरुवात केली.